कुठल्या बाटलीत कोण?

डाग पडला की आमच्या घरात पक्ष पडतात. बाबा टर्पेंटाइनचे. ऑइलपेंट ओला असेपर्यंत त्यांचं खरंही आहे, ब्रश धुवायला तेच हवं. पण रंग एकदा पक्का वाळला की टर्पेंटाइन त्याला नुसती आंघोळ घालतं. ताई ॲसिटोनची. नेलपॉलिश आणि सुपरग्लू दोन्ही त्याला वचकून असतात. मात्र ते ५६ अंशांना उकळतं, त्यामुळे कापूस डागापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं बरंच हवेत गेलेलं असतं. उरलेलं चष्म्याच्या प्लास्टिक फ्रेमची वाट लावायला पुरतं. शेजारचे काका सांगतात, ‘‘थिनर म्हणजे थिनर!’’ त्यांनी लॅकरचं (लाकडावरच्या चकचकीत लेपाचं) थिनर ऑइलपेंटच्या दारावर फिरवलं आणि दाराला सुरकुत्या पडल्या. हल्ली ते त्याला ‘अँटिक लुक’ म्हणतात. आई स्पिरिटवाली. बॉलपेनची शाई त्याने जाते, पण लाखेचं पॉलिशच मुळी स्पिरिटमध्ये विरघळवून करतात, म्हणून टेबलावरचा डाग पॉलिशला सोबत घेऊन जातो.

आणि मी? माझ्याकडे माळा आवरायचं काम. तिथे चार बाटल्या, चारही पाण्यासारख्या नितळ. नावं मार्करने लिहिली होती, पण ओतताना ओघळ आला की यातलं बहुतेक प्रत्येक द्रव आधी स्वतःचंच नाव पुसतं. हुंगून ओळखायचा सल्ला चारही पक्षांनी एकमताने दिला. आमच्या घरातलं हे पहिलं एकमत, आणि तेही चुकीचं, कारण ही वाफ डोकं धरायला लावते.

मग गॅस बंद, खिडक्या उघड्या, आणि चौकशी सुरू. प्रत्येकाचे थोडे थेंब पाण्यात टाकले. दोघं पाण्यात मिसळून गेले, दोघं वर तरंगत राहिले. मिसळलेल्यांपैकी ज्याने थर्माकोल गिळला ते ॲसिटोन. ज्याने ढुंकूनही पाहिलं नाही ते स्पिरिट. तरंगणाऱ्यांचे थेंब कागदावर सोडले. थिनर झटकन उडालं, टर्पेंटाइन मात्र तेलकट ठिपका धरून बराच वेळ बसून राहिलं. (बाबांच्या पक्षाला शोभेल असंच.)

आता बाटल्यांना कागद बांधून नावं पेन्सिलीने लिहिली आहेत. ग्रॅफाइट यातल्या कशातच विरघळत नाही. ते फक्त खोडरबराने जातं, आणि आमच्या धाकट्याकडे तो सुगंधी आहे.