हवेवर चालवलं, हे खरंच आहे

घरी बनवलेल्या छोट्या वाफेच्या इंजिनावरच्या माझ्या लेखाला तुमची प्रतिक्रिया तपशीलवार आहे, म्हणून उत्तरही जरा लांबलंय. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: डोलणाऱ्या सिलिंडरचं इंजिन म्हणजे खेळणं, खरं इंजिन स्लाइड व्हॉल्व्हचं, म्हणजे सरकत्या झडपेने वाफ आत-बाहेर सोडणारं. ते कॉम्प्रेसरच्या हवेवर चालवून दाखवणं ही पळवाट. आणि तांब्याच्या नळीला दोन झाकणं साध्या सोल्डरने झाळली की बॉयलर तयार, तुमचा तसाच चालतो. घरात कुकर असतोच की, मग मी लोकांना उगाच घाबरवतोय.

खेळण्याचं आधी. १८५८ साली पाण्यात उतरलेल्या 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाची वल्ह्यांची चाकं फिरवणाऱ्या इंजिनाला चार डोलणारे सिलिंडर होते, प्रत्येकी ७४ इंच व्यास आणि १४ फूट स्ट्रोक. एवढ्या मोठ्या इंजिनात वाफेसाठी वेगळे व्हॉल्व्ह लागायचे, मान्य. छोट्या इंजिनात मात्र सिलिंडरचं डोलणं हाच व्हॉल्व्ह असतो: डोलताना त्याचं भोक (पोर्ट) आळीपाळीने वाफ आत येण्याच्या (इनलेट) आणि बाहेर जाण्याच्या (एक्झॉस्ट) भोकासमोर येतं. मला मजा वाटते ती तिथेच. माझ्या इंजिनात क्रँकचा थ्रो (शाफ्टच्या मध्यापासून क्रँकपिनपर्यंतचं अंतर) ८ मिमी, पिव्होटपासून (सिलिंडर ज्याभोवती डोलतो ती खीळ) शाफ्टपर्यंत ५० मिमी आणि पिव्होटपासून पोर्ट २० मिमीवर. म्हणजे पोर्ट मध्यरेषेपासून दोन्हीकडे ३.२ मिमी सरकतो. भोकं ३ मिमीची, त्यामुळे डेड सेंटरला (पिस्टन टोकाला पोचून उलटतो तेव्हा) सिलिंडरचं भोक आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या भोकांच्या कडांमध्ये ०.२ मिमी धातू उरतो. 'जरा जास्त वाफ जाऊ दे' म्हणून ३.५ चं ड्रिल मारलंत, तर इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे राहतात आणि वाफ पिस्टनला न ढकलता सरळ बाहेर पडते. खेळण्यात इतकी काटेकोर मापं पाळावी लागत असतील तर खेळणंच म्हणा, माझी हरकत नाही.

स्लाइड व्हॉल्व्ह मी करणार आहेच. पण पहिल्याच इंजिनात तो घेतला आणि इंजिन फिरलं नाही, तर एक्सेंट्रिकचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या शाफ्टवरच्या चकतीचा) कोन चुकलाय, व्हॉल्व्ह गळतोय की पिस्टन, हे नवशिक्याला कळायला मार्ग नसतो. डोलणाऱ्या इंजिनात संशयित दोनच: काचेवर एमरी पेपर ठेवून घासलेला पोर्टचा पृष्ठभाग, नाहीतर त्याच्याशी काटकोनात नसलेला पिव्होट.

हवेबद्दल तुमचं अर्धं म्हणणं पटतं. हवेवर घर्षण, टायमिंग, गळती एवढंच कळतं. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होऊन पिस्टनपुढे अडकतं, ते हवेवर कधीच दिसत नाही. पण हवेवर न फिरणारं इंजिन वाफेवर फिरेल, अशी आशा करू नये.

आता बॉयलर. इथे मात्र मी एक पाऊलही मागे घेणार नाही.

३ बार गेज प्रेशरला (बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जास्तीचा दाब) पाणी साधारण १४४ अंश सेल्सिअसला उकळतं. कथील-शिशाचा नेहमीचा ६०/४० सोल्डर १८३ अंशांना वितळू लागतो, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून मऊ पडलेला असतो. आत पाणी आहे तोवर हे चालूनही जातं. तुमचं चाललं त्याचं कारण तेच. पाण्याची पातळी ज्योतीच्या खाली गेली की उघडा पडलेला पत्रा ज्योतीच्या तापमानाकडे धावतो. सिल्व्हर ब्रेझिंगचा (चांदीमिश्रित धातूने जोडलेला) सांधा ६०० अंशांपुढेच हलतो, म्हणून तेच करायचं. फिटिंगही पितळेऐवजी गनमेटलची (मुख्यतः तांबं आणि कथील), पण त्याचं कारण वेगळं: गरम पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि धातू भुसभुशीत होतो.

आणि धोका वरच्या चिमूटभर वाफेचा नसतो, खालच्या पाण्याचा असतो. १४४ अंशांचं २०० मिली पाणी एकदम मोकळं झालं, तर त्यातल्या सुमारे १६ ग्रॅमची क्षणात वाफ होते. म्हणजे २५ लिटरहून जास्त. म्हणूनच पहिली चाचणी गार पाण्याने, कामाच्या दुप्पट प्रेशरला. गार पाणी जवळपास दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी थोडं पाणी उडतं आणि प्रेशर शून्यावर येतं. हीच चाचणी हवेने घेतली, तर तुकडे उडू शकतात.

कुकरचं उदाहरण उलट माझ्याच बाजूचं आहे. तो जेमतेम १ बारला चालतो, आणि शिट्टी अडकली तर उष्णतेने वितळून सुटणारा दुसरा व्हॉल्व्ह झाकणावर वेगळा असतो.

तुमच्या बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह कोणता आहे, किती बारला उडतो आणि आतली पातळी दिसायला काच आहे का, हे प्रतिक्रियेत आलं नाही. ते कळवा. आणि तोपर्यंत कृपा करून तो पेटवू नका.