"सहा महिन्यांत एकदा पाय लावून या, सिटिझनशिप नक्की": त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत नाशिकच्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा आहे 'ग्रीन कार्डवाल्या आईवडिलांसाठी अत्यंत महत्त्वाचे'. खाली पाच मुद्दे. सहा महिन्यांच्या आत एकदा अमेरिकेत पाय लावून आलं की पुरे, पाच वर्षांनी सिटिझनशिप नक्की. भारतात जास्त राहायचं असेल तर री-एंट्री परमिट (अमेरिकेत परत येण्याचा परवाना) काढा, दोन वर्षं चिंता नाही. आजारपणाचे कागद असले की दिवसांत सूट मिळते. सहा महिन्यांवर एक दिवस जरी झाला तरी कार्ड विमानतळावरच काढून घेतात. आणि कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातही हेच नियम आहेत.

लोक हा मेसेज नुसता पुढे पाठवत नाहीत, त्यावर विसंबून तिकिटं काढतात. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी अर्धवट टाकून विमान धरलं, कारण 'सहा महिने भरत आले'. त्यांना नागरिकत्व घ्यायचंच नव्हतं, फक्त कार्ड टिकवायचं होतं. मुलाचं घर, स्वतःची खोली, टॅक्सचे कागद सगळं तिकडे जागेवर होतं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन महिनाभर उशिरा गेल्या असत्या तरी चालण्यासारखं होतं. दुसऱ्या एका जोडप्याने उलट, प्रत्येक फेरी पाच महिन्यांत आटोपण्याचा नेम कटाक्षाने पाळला आणि अर्ज भरायला बसल्यावर त्यांना कळलं की दिवसच पुरत नाहीत.

या दोन्ही घरांची फसगत एकाच कारणाने झाली. कार्ड शाबूत आहे का, नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य तुटलं का, आणि प्रत्यक्ष राहिलेले दिवस पुरेसे आहेत का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांची उत्तरं वेगवेगळ्या मापाने मिळतात. मेसेजने तिन्ही एकाच 'सहा महिन्यां'त कोंबले आहेत.

"सहा महिन्यांच्या आत येत राहिलं की सिटिझनशिप नक्की"

पाचांतला हा सर्वांत घातक मुद्दा, कारण तो अर्धा खरा आहे. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षं सलग वास्तव्य लागतं. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल आणि तीन वर्षं त्याच्यासोबतच संसार असेल, तर तीन वर्षं पुरतात. सहा महिन्यांपेक्षा कमी फेरीने हे वास्तव्य सहसा तुटत नाही, इथवर मेसेज बरोबर आहे. पण त्याच कायद्यात आणखी एक अट आहे. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतले किमान ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस, माणूस प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवा. तीन वर्षांच्या अर्जाला १८ महिने, ५४८ दिवस. फेरी छोटी होती की मोठी, याच्याशी या बेरजेला देणंघेणं नाही. रजा दर वेळी चारच दिवसांची घेतली तरी वर्षाची हजेरी भरावीच लागते, तसंच हे.

मेसेज शब्दशः पाळणाऱ्याचा हिशेब मांडू. पाच महिने नाशिकला, एक महिना न्यू जर्सीत, पुन्हा पाच महिने नाशिकला. पाच वर्षांत अमेरिकेतला मुक्काम होतो अवघा १० महिने. सहा महिन्यांची मर्यादा एकदाही ओलांडलेली नाही, तरीही अर्ज नामंजूर. शिवाय असा प्रवास पाहिल्यावर विमानतळावरचा अधिकारी विचारणारच की तुम्ही मुळात राहता कुठे. ग्रीन कार्ड हे तिकडे कायमचं राहण्यासाठीचं कार्ड आहे, फेऱ्या मारण्याचा पास नव्हे, आणि वास्तव्य सोडल्याचा ठपका छोट्या फेऱ्यांवरूनही येऊ शकतो.

आता आपल्याकडची नेहमीची पद्धत घ्या. दसऱ्याच्या आधी यायचं, दिवाळी आणि लग्नसराई करायची, द्राक्षांचा हंगाम गाठायचा, अक्षय्य तृतीयेनंतर पोटभर आमरस खाऊन मग निघायचं. वर्षाचे सात महिने इथे, पाच तिथे. पाच वर्षांचे होतात २५ महिने. पाच महिने कमी, आणि प्रत्येक फेरी सहा महिन्यांच्या वर. हेच उलटं करून पाच महिने इथे आणि सात तिथे ठेवले तर ३५ महिने भरतात आणि दोन्ही अटी बसतात. वर्षाला दोन महिन्यांचा फरक आहे. तो मुलांनी आईवडिलांना पहिल्याच वर्षी समजावून सांगायला हवा. चौथ्या वर्षी सांगून उपयोग नाही.

मोजताना निघण्याचा आणि परत उतरण्याचा, दोन्ही दिवस अमेरिकेतलेच धरतात. अर्ज पाच वर्षं पुरी होण्याच्या ९० दिवस आधी करता येतो, पण ३० महिने अर्जाच्या तारखेलाच भरलेले हवेत. 'मुलाखतीपर्यंत भरतील' असं म्हणून चालत नाही.

ग्रुपवर कोणीतरी लगेच विचारतं, 'एवढं मोजतंय कोण?' मोजतात. नागरिकत्वाचा अर्ज म्हणजे एन-४००. त्यात २४ तासांहून लांबच्या प्रत्येक परदेश प्रवासाच्या तारखा मागतात. विमान कंपन्यांकडून प्रवाशांच्या याद्या सरकारकडे जातात, आणि पासपोर्टवर मुंबईचे शिक्के असतातच. मुलाखत शपथेवर होते. एखादी तारीख इकडची तिकडे झाली तर समजावून सांगता येतं. मुद्दाम खोटं सांगितलं तर दिवस पुरेसे असूनही सचोटीच्या अटीवर अर्ज जातो.

"री-एंट्री परमिट काढा, दोन वर्षं चिंता नाही"

चिंता नाही कशाची, ते मेसेज सांगत नाही. हा परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो, त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, आणि तो संरक्षण देतो कार्डाला. वर्षाहून जास्त बाहेर राहूनही तुमचा परत येण्याचा इरादा होता, हे त्याने दिसतं. नागरिकत्वाचं घड्याळ मात्र तो थांबवत नाही. एक वर्ष किंवा त्याहून जास्त सलग बाहेर राहिलं की सलग वास्तव्य तुटतं, खिशात परमिट असला तरी. परत आल्यावर नव्याने मोजणी सुरू होते आणि अर्ज करता येतो चार वर्षं आणि एक दिवसानंतर. तेव्हाही मागच्या पाच वर्षांच्या खिडकीत त्या जुन्या फेरीचे सहा महिन्यांहून जास्त दिवस उरलेले असतात, त्यांचा खुलासा करावा लागतो. तो टाळायचा तर साडेचार वर्षं उलटून गेल्यावर अर्ज केलेला बरा.

वर्षावरच्या गैरहजेरीतही वास्तव्य टिकवणारा एक वेगळा अर्ज आहे, एन-४७०. तो अमेरिकन सरकार, मान्यताप्राप्त संशोधन संस्था, परदेशी व्यापार करणाऱ्या अमेरिकन कंपन्या अशा मोजक्या नोकऱ्यांवर पाठवलेल्यांसाठी आणि धर्मकार्यासाठी जाणाऱ्यांसाठी आहे. नातवंडं सांभाळून परत येणाऱ्या आजीआजोबांना तो लागू होत नाही.

"आजारपणाचे कागद असले की सूट"

दिवसांच्या अटीत आजारपणाला सूट नाही, वयालाही नाही. सूट आहे ती परीक्षेत. वय ५० आणि कार्डावर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाष्यामार्फत मराठीत देता येतात. गंभीर व्याधीमुळे शिकणंच शक्य नसेल तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर परीक्षेतून सवलत मागता येते. कोणीतरी ही सवलत दिवसांना चिकटवलेली दिसते.

याची झळ २०२० मध्ये फार लागली. त्या मार्चमध्ये भारतात येणारी-जाणारी नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि हिवाळ्यासाठी आलेले कितीतरी आईवडील इथेच अडकले. ज्यांचं वर्ष उलटलं त्यांची काहीही चूक नव्हती. कार्डाच्या बाबतीत हे कारण ऐकून घेतलं जातं. हाताबाहेरच्या कारणाने लांबलेल्या मुक्कामासाठी वकिलातीत परतीच्या रहिवाशाचा व्हिसा मागता येतो. पण नागरिकत्वाच्या कायद्यात वर्षावरच्या गैरहजेरीला 'कारण काय होतं' ही वाटच ठेवलेली नाही. मला हा नियम कठोर वाटतो, तरी तो आहे तसाच सांगायला हवा.

"एक दिवस जास्त झाला की कार्ड विमानतळावर काढून घेतात"

काकूंना फिजिओथेरपी सोडायला लावणारा मुद्दा हाच. सहा महिन्यांहून जास्त पण वर्षाहून कमी राहिलं, तर वास्तव्य तुटलं असं नागरिकत्वाच्या अर्जात गृहीत धरतात. गृहीत धरतात, ठरवून टाकत नाहीत. ते खोडून काढायची संधी अर्जदाराला असते. अमेरिकेतली नोकरी सोडली नव्हती, बाहेर नोकरी धरली नव्हती, जवळचं कुटुंब तिकडेच होतं, घर स्वतःच्या ताब्यात होतं, हे दाखवता येतं. म्हणून भाडेकरार किंवा घराचे हप्ते, टॅक्स रिटर्न, बँकेची स्टेटमेंटं, विम्याचे कागद प्रवासाला निघण्याआधीच एका फाईलला लावून ठेवावेत. टॅक्स रिटर्न मात्र रहिवासी म्हणूनच भरलेलं हवं. अनिवासी म्हणून भरलं तर आपणच आपल्याविरुद्ध पुरावा दिल्यासारखं होतं.

१८० दिवसांहून जास्त बाहेर राहिल्यावर विमानतळावर चौकशी कडक होऊ शकते हे खरं. पण तिथल्या अधिकाऱ्याला तुमचा दर्जा स्वतःच्या अधिकारात संपवता येत नाही. आय-४०७ नावाचा एक फॉर्म असतो, कार्ड स्वखुशीने सोडत असल्याचा. वीस तासांच्या प्रवासाने थकलेली, इंग्रजी धड न कळणारी माणसं तो दंडाचा किंवा चौकशीचा कागद समजून सही करतात. सही करणं बंधनकारक नाही. नकार दिला तर इमिग्रेशन न्यायाधीशासमोर म्हणणं मांडायचा हक्क आहे, आणि तिथे अंतिम निकाल लागेपर्यंत तुम्ही कायम रहिवासीच राहता. पासपोर्टच्या कव्हरमध्ये मराठीत लिहून ठेवावी अशी एकच गोष्ट मला निवडायला सांगितली, तर मी हीच निवडेन.

"कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातही हेच नियम"

नाहीत. नागरिकत्वासाठी कॅनडा पाच वर्षांतले १,०९५ दिवस मोजतो, सहा महिन्यांच्या फेरीचा वेगळा नियमच नाही, आणि कायम रहिवासी होण्याआधीचा प्रत्येक दिवस अर्धा धरून ३६५ पर्यंत जमा होतात. ब्रिटनमध्ये पाच वर्षांत ४५० दिवसांहून जास्त आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांहून जास्त बाहेर राहायचं नसतं. ऑस्ट्रेलियात चार वर्षांत एकूण १२ महिने आणि शेवटच्या वर्षात ९० दिवस ही मर्यादा आहे.

या मेसेजच्या शेपटाला हल्ली एक नवी ओळ जोडलेली दिसते: 'वर्षात १८२ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर भारतीय नागरिकत्व जातं.' १८२ दिवसांचा आकडा प्राप्तिकराचा आहे, तुम्ही निवासी की अनिवासी एवढंच तो सांगतो. जन्माने भारतीय असलेल्याचं नागरिकत्व कितीही वर्षं बाहेर राहिलं म्हणून जात नाही. ते जातं १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की, त्याच दिवशी. मग आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेला पासपोर्ट परत करावा लागतो, आणि हवं तर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, घेता येतं.

म्हातारपणी इथे परतून पुन्हा भारतीय व्हायचं असेल तर आपला कायदाही दिवस मोजतो. ओसीआय म्हणून पाच वर्षं झालेली हवीत आणि अर्जाआधी १२ महिने भारतात वास्तव्य हवं. विशेष परिस्थिती असेल तर केंद्र सरकार त्या १२ महिन्यांतल्या खंडांना सगळे मिळून ३० दिवसांपर्यंत सवलत देऊ शकतं. त्या वर्षात मुलांकडे याहून लांब फेरी होणार असेल तर अर्जाची तारीखच पुढे न्यावी.