“एका बोल्टला अडीच तास आणि 800 रुपये” या अभिप्रायाला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

रविवारी तुम्हाला आमच्याकडे त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. बसायला धड खुर्ची नव्हती, पाण्याचा जार रिकामा होता आणि सुरुवातीला मी ‘अर्ध्या तासात होईल’ असं बोलून गेलो. फेअरिंग, म्हणजे गाडीच्या पुढचं प्लास्टिकचं आवरण, न उघडता वेळ सांगायला नको होती. ही चूक माझी आहे.

पण तुम्ही लिहिलंय की ‘फक्त एक ढिला बोल्ट होता, बाहेरगावची गाडी बघून अडीच तास बसवून ठेवलं आणि 800 रुपये उकळले’. हे रात्री मुलीने वाचून दाखवलं, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. कळंबोलीत 2009 पासून गॅरेज चालवतो. एक्सप्रेस वे इथूनच सुरू होतो आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे रस्ता चुकलेले कितीतरी बाईकवाले दुकानासमोर थांबतात. त्यांना पळस्पे फाट्याचा रस्ता सांगतो, चेन कोरडी दिसली तर तेल मारून देतो, टायरची हवा बघतो. त्याचे पैसे आजवर घेतलेले नाहीत. कोकणात, गोव्याला जाणारे लोक आता फोनवर तारे बघूनच थांबायचं की नाही ते ठरवतात. दोन पोरांचा पगार आणि गाळ्याचं भाडं याच रस्त्यावर निघतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, राग मानू नका.

आधी वेळेचं. तुम्ही 9:10 ला आलात. नाशिकहून मालवणला निघालो आहे, मुंब्रा बायपास उतरल्यापासून फेअरिंग थरथरतंय, 70 च्या पुढे गेलं की पुढचा सगळा भाग हातात येईल असं वाटतं, असं तुम्ही सांगितलंत. तेव्हा स्टँडवर पेपर टाकणाऱ्या मुलाची स्कूटर बेल्ट काढून उघडी होती. ती होईपर्यंत नाश्ता करून येतो म्हणालात. बरोबरच होतं, पहाटे निघालेला माणूस उपाशीच असतो. पण जाताना गाडीचं हँडल लॉक केलंत आणि चावी खिशात घेऊन गेलात. दुकानात कॅमेरा आहे, मी पुन्हा बघितलं. तुम्ही 9:14 ला निघालात आणि 9:56 ला परत आलात. बेचाळीस मिनिटं. त्यातली पहिली पंधरा-सोळा मिनिटं स्कूटरची होती, ती तुमच्या खात्यावर टाकत नाही. पण साडेनऊला माझे हात मोकळे झाले आणि तुमची गाडी हँडल डावीकडे वळवून लॉक केलेली समोर उभी होती.

आता कुणी म्हणेल, फेअरिंगचा आणि हँडलच्या लॉकचा काय संबंध? तुमच्या गाडीत आहे. पुढच्या काचेचे चार स्क्रू मी काढले, उजव्या बाजूचं पॅनलही सोडवलं. डाव्या पॅनलच्या आड मात्र हँडल आणि क्लचची लिव्हर येते. हँडल सरळ असल्याशिवाय ते पॅनल बाहेर निघत नाही. वाकवून, ओढून काढता येतं, पण मग आतले प्लास्टिकचे कान तुटतात. एकदा कान तुटला की ते पॅनल आयुष्यभर खडखडतं, आणि नवीन पॅनलची किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मी पोराला दोन वेळा समोरच्या हॉटेलात पाठवलं, तुम्ही तिथे नव्हतात. तुमचा नंबर आमच्याकडे नव्हता. तो आधीच घ्यायला हवा होता, हे कबूल. पण ती पंचवीस मिनिटं मी हातात पाना घेऊन बसून होतो आणि तुमच्या अभिप्रायात तीही ‘कामाला लावलेला वेळ’ म्हणून मोजली गेली. मला सगळ्यात जास्त हेच लागलं. पैशांचं बोललात ते एक वेळ सोडून देईन.

चावी मिळाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पुढचा भाग मोकळा झाला. बोल्ट ढिला होता हे तुमचं म्हणणं खरंच आहे. उजवीकडच्या बोल्टमागची पत्र्याची क्लिप पडून गेली होती आणि त्या जागी कुणीतरी लाकडाचा स्क्रू दाबून बसवला होता, त्याने भोक मोठं केलं होतं. रबरी बुश दगडासारखे कडक झाले होते, दोन तर चिरलेले. हे सगळं बदलून, आवळून मी तुम्हाला साडेदहालाच रवाना करू शकलो असतो. तुम्हीही खूश झाला असता, निदान पेणपर्यंत.

पण मीटर धरून पुढचा भाग हलवला तेव्हा फेअरिंग आणि त्याला मागून धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा, म्हणजे स्टे, दोन्ही एकत्र हलत होते. फेअरिंग स्टेवर ढिलं असेल तर नुसतं प्लास्टिक हलतं. स्टेच हलतोय म्हणजे दुखणं आत आहे. हेडलाइट उतरवला आणि बॅटरी मारून बघितलं, तर स्टेच्या डाव्या पायाला वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी चीर गेलेली. मी तुम्हाला बोलावून दाखवली, तुम्ही मोबाइलमध्ये फोटोही काढलात. तो फोटो अभिप्रायाबरोबर टाकला असतात तर मला एवढं लिहावंच लागलं नसतं. एक सिलिंडरच्या इंजिनाचा हादरा एका ठरावीक वेगाला सगळ्यात जास्त जाणवतो, त्याच्या खाली-वर कमी होतो. म्हणून तुम्हाला 70 च्या पुढे थरथर आणि गावात काहीच नाही असं वाटत होतं. तशी चीर घेऊन खड्ड्यातून मालवणपर्यंत गेला असतात तर वाटेत स्टे तुटून हेडलाइट आणि मीटर वायरीवर लोंबकळलं असतं. घाटात, रात्री असं झालं तर काय होईल ते मी सांगायला नको. माझ्या दुकानात तशी गाडी टेम्पोत घालून आलेली आहे.

तुम्ही तिथे म्हणालात, ‘जागेवरच टाका मारून द्या.’ गाडीवर वेल्डिंग केलं असतं तर अर्धा तास वाचला असता, हे खरं. पण चिरेपासून वीतभर अंतरावर वायरिंगचा गुच्छ आणि मीटरचं सॉकेट आहे. वेल्डिंगचा करंट वाट चुकला तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, जातो. ते मी माझ्या स्वतःच्या गाडीलाही करणार नाही. स्टे काढून पोराला रोडपालीच्या बाजूला ट्रकच्या बॉडीचं काम करणाऱ्याकडे पाठवलं, कारण आमचा नेहमीचा वेल्डर रविवारी येत नाही. चीर घासून, आतून-बाहेरून वेल्ड करून, वर एक छोटी पट्टी मारून घेतली. ते पाणी मारून गार करत नाहीत. पाण्याने वेल्ड ठिसूळ होतो, म्हणून तो वाऱ्यावरच गार व्हावा लागतो. मग रेड ऑक्साइड मारला. तो पोर 10:55 ला परत आला. पुढची पस्तीस-चाळीस मिनिटं बसवण्यात, लाइट-इंडिकेटर तपासण्यात आणि सर्व्हिस रोडवर एक चक्कर मारण्यात गेली. 11:45 ला तुम्ही निघालात.

त्या बोल्टबद्दल ‘साधं थ्रेडलॉकसुद्धा लावलं नाही’ असंही लिहिलंय. थ्रेडलॉक म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव. तो लावला आहे. स्टे जिथे फ्रेमला बसतो तिथल्या दोन्ही बोल्टना निळं थ्रेडलॉक आहे, कारण तिथे लोखंडावर लोखंड आहे. फेअरिंगच्या बोल्टना मुद्दाम लावलं नाही. ते द्रव एबीएस प्लास्टिकला लागलं तर बोल्टाच्या भोकाभोवती प्लास्टिक तडकतं. तिथे बोल्टाला पकड द्यायचं काम रबरी बुश आणि आतली लोखंडी नळी करते, आणि म्हणून ते बोल्ट ताकदीने आवळायचेही नसतात. पिळून आवळला की महिनाभरात चीर दिसते. हे मी तेव्हा समजावून सांगायला हवं होतं, पण तोवर तुम्ही घड्याळाकडे बघत होतात आणि माझीही हिंमत झाली नाही.

पैशांचा हिशोब असा: वेल्डिंगचे 200, जसेच्या तसे त्या माणसाला दिले. चार रबरी बुश 120, बोल्ट-नळ्या-क्लिपा 90, प्लास्टिकचे पुश क्लिप 40, आणि आमची मजुरी 350. बिल हाताने लिहिलं आणि त्यावर नुसतं ‘फेअरिंग काम 800’ असं होतं. ते नीट फोडून लिहायला हवं होतं.

माणगावला परत आवाज आला आणि तुम्ही स्वतः स्क्रू-ड्रायव्हरने काचेचे स्क्रू आवळले, मग थांबला, असं तुम्हीच लिहिलंत. काचेच्या स्क्रूमागे रबरी नट असतात. ते काढून लावले की शंभरेक किलोमीटरमध्ये रबर बसतं आणि पाव फेरा ढिलं होतं. ‘पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा काचेचे स्क्रू पाव फेरा आवळा’ असं मी निघताना सांगितलं होतं, पण तुम्ही हेल्मेट घातलं होतं, बहुधा ऐकू गेलं नसावं. माझं वेल्डिंग सुटलं असतं तर काचेचा स्क्रू आवळून तो आवाज थांबला नसता, एवढं मात्र लक्षात घ्या.

आणखी एक, रागाने नाही, काळजीने सांगतो. तुम्ही जे दोन जास्तीचे फॉग लाइट लावले आहेत ते त्याच स्टेला जोडलेले आहेत. कंपनीने तो स्टे काच, मीटर आणि हेडलाइटचं वजन धरून बनवला आहे. लाइट क्रॅश गार्डवर घ्या. हे मी दुकानातही म्हणालो, तेव्हा तुम्हाला ‘आता आणखी काम काढतोय’ असं वाटलं असणार. मी ते काम काढलंच नाही, म्हणून बिलात नाही.

पोरगा तुमच्याशी उलट बोलला असेल तर त्याला समज देतो. बसण्याची सोय, पाणी, वेळ आधी सांगणं, यात सुधारणा करतो आहोत. चावी आणि फोन नंबर आता आल्याबरोबर मागून घेतो, तसा कागदही काउंटरवर चिकटवला आहे.

तुम्ही दिलेला एक तारा बदलावा असं मी म्हणणार नाही, तो तुमचा अधिकार आहे. फक्त ‘लुटतात’ हा शब्द काढता आला तर बघा. तुमची कडक झालेली रबरं आणि तो लाकडाचा स्क्रू मी पिशवीत घालून ठेवला आहे. परतीच्या वाटेवर किंवा पुन्हा कधी इकडून गेलात तर दाखवीन, आणि वेल्डची जागाही एकदा बघून देईन, त्याचे पैसे नाहीत. दुकान सकाळी 9 ते रात्री 8, रविवारी दुपारी 2 पर्यंत. गाडी सर्व्हिस रोडच्या बाजूलाच लावा, समोर ट्रक वळतात.

आपला,
गॅरेज मालक, कळंबोली