फुकटचा वॉकीटॉकी

आमच्या घरात एक ड्रॉवर आहे. तो पूर्ण उघडत नाही, आणि उघडलाच तर पूर्ण बंद होत नाही. त्यात निवृत्त मोबाईल राहतात. एकाची काच तडकलेली, एकाचं झाकण रबरबँडच्या भरवशावर, आणि एक बटणांचा, ज्याला काहीही झालेलं नाही. नेमका तोच कुणाला नको असतो.

आई वरच्या मजल्यावर राहते. गुडघे दुखतात म्हणून ती उतरत नाही, मी आळशी म्हणून चढत नाही. जिन्यावरून दिवसभर नुसत्या हाका ये-जा करतात. परवा मला वाटलं, सिम नसलं म्हणून काय झालं? मोबाईल म्हणजे शेवटी रेडिओच की! एक फोन वर, एक खाली. झाला वॉकीटॉकी, तोही फुकट.

"मामा, तसं नसतं रे," भाची म्हणाली. ही पिढी हे वाक्य पाठ करूनच जन्माला येते. मोबाईल मोबाईलशी बोलत नाही म्हणे, दोघंही टॉवरशी बोलतात. जुन्या मोबाईलच्या 'जीएसएम ९००' या रेडिओलहरींच्या पट्ट्यात फोन बोलणार ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर आणि ऐकणार ९३५ ते ९६० वर. दोन फोन गळ्यात गळा घालून ठेवले, तरी एकाचं तोंड जिथं आहे तिथं दुसऱ्याचा कानच नाही. (आमच्या नात्यात अशी दोन माणसं आहेत. त्यांनाही मध्ये टॉवर लागतो.) सिम काढलेल्या फोनवरून फार तर आणीबाणीचा नंबर लागतो. आणि आईला गच्चीचं दार लावलं का, एवढंच विचारायचं असतं.

तसे फोन होतेही. मोटोरोलाच्या आयडेन नावाच्या मोबाईल-तंत्रावरच्या काही फोनमध्ये 'डायरेक्ट टॉक' होतं, टॉवरला वगळून फोन थेट फोनशी बोलायचा. अमेरिकेतल्या नेक्स्टेल कंपनीचं आयडेन नेटवर्क ३० जून २०१३ ला बंद झालं, तरी ही सोय जिवंत राहिली, कारण तिला नेटवर्क लागतच नव्हतं. आपल्याकडे असेल एखादा, म्हणून मी ड्रॉवरच्या तळापर्यंत हात घातला. हाताला लागली ती उशीसारखी फुगलेली बॅटरी. "चार्जिंगला लावू नकोस! दाबूही नकोस!" भाची ओरडली. लिथियमची बॅटरी फुगली की आत वायू साठलेला असतो. ती ई-कचऱ्यात गेली.

उरलं वाय-फाय. वॉकीटॉकीच्या पाच ॲपनी 'हे उपकरण चालणार नाही' असं सांगून आमच्या ज्येष्ठांचा अपमान केला. सहावं चालू झालं. त्याला इंटरनेट नको, घरातला राउटर पुरे. दोन्ही फोन शेजारी धरून बटण दाबलं, तर त्यांनी एकमेकांना ऐकून अशी किंकाळी फोडली की वरून आईनं विचारलं, "काय पडलं रे?"

पहिला संदेश मी खालून दिला, "आई, ऐकू येतंय का? ओव्हर." माझा आवाज जिन्यातून आधी पोचला आणि फोनमधून अर्ध्या सेकंदानं. आई म्हणाली, "दोनदा कशाला विचारतोस?"

आता नियम. एका वेळी एकानंच बोलायचं. बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. एकानं दाबून ठेवलं की दुसऱ्याची वाचा बंद. आईला हे तीनदा समजावलं. तिनं तीनदा मान डोलावली आणि बटण सुटू नये म्हणून अंगठा घट्ट रोवून ठेवला.

दुपारी माझ्या हातातला फोन आपोआप बोलायला लागला. आई दुसऱ्या फोनवर मावशीशी बोलत होती.

"नाही गं, हाक मारली की येतं ना ऐकू. पण सकाळपासून खपतोय बिचारा, म्हणून धरून बसलेय हातात. अंगठा दुखायला लागला माझा... हो ना, लहानपणीही घड्याळ खोललं होतं त्यानं. अजून बंद आहे ते."

वर जाऊन सांगावं, तर मी ऐकलं हे कळणार. न सांगावं, तर घड्याळानंतर रेडिओची पाळी, मग माझ्या दहावीच्या गणिताची. एरवी दहा मिनिटांत मान टाकणारी आईच्या हातातल्या फोनची बॅटरी त्या दिवशी पावणेदोन तास टिकली. मी बटण दाबून "ओव्हर, ओव्हर" म्हणत होतो, पण अंगठा तिचा होता.