आईला आम्ही तिथे टाकून आलो नव्हतो

गेल्या पावसाळ्यात आई बाथरूममध्ये घसरली आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. वय ७८. ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून कृत्रिम बसवला, आणि सहाव्या दिवशी तिला आम्ही पुनर्वसन केंद्रात, म्हणजे ऑपरेशननंतर माणसाला पुन्हा चालतं-फिरतं करणाऱ्या रिहॅबमध्ये, हलवलं. तिथे ती २४ दिवस होती. पाचव्या संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश आला. मोबाइल उशाशीच असल्यामुळे तो आमच्या आधी तिनेच वाचला. मी पोचले तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “मला घरी नेणार आहात ना गं?”

संदेशाचा गोषवारा असा: ऑपरेशननंतर आईवडिलांना रिहॅबमध्ये ठेवणं म्हणजे वृद्धाश्रमाची पहिली पायरी. हाडाला तीन महिने सक्त विश्रांती हवी. तिथल्या व्यायामाने सांधा निखळतो. परक्या जागेत म्हातारी माणसं भ्रमिष्ट होतात. घरी एक बाई ठेवली की तेच काम होतं. हे परदेशी फॅड आहे आणि पैसे उकळायचा धंदा आहे. तो अजून फिरतोय, म्हणून हे लिहिते आहे.

तीन महिने झोपून राहा, हा सल्ला यातला सगळ्यात घातक. तो आला कुठून, हे कळतं. पूर्वी असं हाड मोडलं की पायाला वजनं टांगून माणसाला कित्येक आठवडे खाटेवर ठेवत. आपल्या आजी-आजोबांनी तेच पाहिलं. आता ऑपरेशन करतात तेच मुळी माणूस लवकर उभा राहावा म्हणून. आईच्या बाबतीत तर जुळायला हाडच नव्हतं, मोडलेला भाग काढून टाकला होता. सळई किंवा पट्टी बसवलेली असेल तर पायावर भार किती द्यायचा ते सर्जन सांगतात, पण खाटेवरून उठवतात त्यांनाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला हालचाल सुरू करून द्या, असं म्हटलं आहे. पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसात जाऊ शकतात. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. शिवाय पायांतलं बळ जातं. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २००७ साली एक अभ्यास आला होता. साठी ओलांडलेली धडधाकट माणसं दहा दिवस अंथरुणावर राहिली, आणि त्यांच्या पायांचे स्नायू सरासरी जवळजवळ १ किलोने घटले. आई त्यांच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, त्यात नुकतंच रक्त चढवलेलं. तीन महिन्यांनी ती कशाच्या बळावर उभी राहिली असती?

सांधा निखळण्याची भीती खोटी नाही. पहिल्या काही आठवड्यांत ते होऊ शकतं. पण ज्या हालचाली जपायच्या त्या कुठल्या? बुटक्या स्टुलावर बसणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं, वाकून जमिनीवरची चप्पल उचलणं, भारतीय पद्धतीचा संडास वापरणं. या सगळ्या आपल्या घरातल्या रोजच्या हालचाली आहेत. केंद्रात आईला गुडघ्यांमध्ये उशी ठेवून कुशीवर वळायला शिकवलं, आणि वॉकरसह वळताना पाय न मुरडता लहान लहान पावलं टाकायला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे तिला अजून तोंडपाठ आहे.

आता घरच्या बाईचा मुद्दा. काही घरांसाठी तो बरोबर आहे. ठरवून केलेल्या गुडघेबदलानंतर दहा दिवस केंद्रात राहिलेले आणि सरळ घरी जाऊन व्यायाम केलेले, यांची ऑस्ट्रेलियात तुलना झाली. २०१७ साली ती प्रसिद्ध झाली, आणि सहा महिन्यांनी दोघांच्या चालण्यात फरक दिसला नाही. त्यामुळे वडील ६२ वर्षांचे, गुडघा बदललेला, इमारतीला लिफ्ट, घरात कमोड आणि हाताशी माणूस असेल तर खुशाल घरी न्या.

पडून खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं तसं नसतं. आईला मधुमेह, रक्त कमी, रात्री गोंधळ. आणि आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ब्युरोतून येणाऱ्या मावशी जीव लावून करतात, याबद्दल मला शंका नाही. पण सगळंच त्या करतात: भरवतात, पुसतात, डायपर बदलतात. माणसाला उठायचं कारणच उरत नाही. केंद्रात तिसऱ्या दिवशी आईचा दिवसाचा डायपर काढला. दर दोन-तीन तासांनी नर्स तिला वॉकर धरून कमोडपर्यंत चालवत नेई. पहिल्यांदा स्वतः जाऊन आली तेव्हा आई रडली. इतक्या दिवसांची लाज एकदम उतरली होती. त्या फेऱ्या हाच तिचा खरा व्यायाम होता असं मला वाटतं.

भ्रमिष्टपणाचं म्हणाल तर केंद्रात जायच्या आधीच, हॉस्पिटलातल्या दुसऱ्या रात्री, आई तिच्या गेलेल्या दादाला हाका मारत होती. या वयात खुब्याच्या ऑपरेशननंतर असा तात्पुरता भ्रम पुष्कळांना होतो. वेदना, औषधं, जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, जागरण, अशी त्याची कारणं असतात. परकी जागा त्यात भर घालते, हे मान्य. म्हणूनच आम्ही तिचा चष्मा, कानाचं मशीन आणि घरचं घड्याळ नेलं, आणि दिवेलागणीला आमच्यापैकी एकजण रोज तिथे असायचा. आठवड्याभरात ती सावरली.

परदेशी फॅड? मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५पासून आहे. पुण्यात खडकीला जायबंदी जवानांचं केंद्र १९७४पासून.

पैशांबाबत मात्र संदेश पाठवणाऱ्याची कळकळ मला समजते. आम्ही एक एफडी मोडली. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांमध्येच ‘विश्रांती, पुनर्वसन’ हे कलम आहे, त्यामुळे बहुतेक पॉलिसी हा खर्च देत नाहीत. वाईट केंद्रंही आहेत. एका ठिकाणी आम्ही सकाळी अकराला गेलो तर सगळे रुग्ण खाटांवर आणि टीव्ही चालू. तिथून आम्ही परत फिरलो. नंतर प्रत्येक ठिकाणी आम्ही हेच विचारलं: रात्री नर्स असते की फक्त मावशी? फिजिओ दिवसातून किती वेळा आणि किती वेळ? डॉक्टर रोज बघतात का? संध्याकाळी घरच्यांना बसू देता का? आणि आई घरी कधी जाईल, हे पहिल्या आठवड्यात लिहून द्याल का? आम्ही निवडलेल्या केंद्राने तारीख लिहून दिली होती. त्या संध्याकाळी मी तोच कागद आईच्या हातात ठेवला.