कोकण, कॅमेरा आणि कुलूप

कोकणात फोटो काढायला निघालेल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, "तिकडे कोण चोरतंय?" बऱ्याच अंशी खरंही आहे ते. पण बॉडी आणि दोन लेन्स मिळून तीन-चार लाखांचा ऐवज पाठीवर असताना या वाक्यावर विसंबून राहणं मला पटत नाही. त्याचं कारण फक्त पैशाचं नाही. होमस्टेत बॅग उघडली, लेन्स दिसली नाही, की पहिला संशय कोणावर जातो? भांडी घासायला येणाऱ्या मावशींवर, नाहीतर नारळ उतरवायला आलेल्या मुलावर. ती लेन्स आदल्या रात्री गाडीतच गेली असेल, पण तिथे बॅग तपासलेलीच नसते. मग बोट दाखवलं जातं ते समोर असलेल्या माणसाकडे. म्हणून कुलूप लावणं हा यजमानावरचा अविश्वास आहे, असं मी मानत नाही. ज्याच्या घरी उतरतो त्याच्यावर आळ येऊ नये, हीसुद्धा आपलीच जबाबदारी आहे.

तेव्हा पहिली सवय मोजणीची. बॅगेत प्रत्येक वस्तूचा कप्पा ठरलेला हवा, म्हणजे रिकामा कप्पा बघताक्षणी कळतो. मुक्काम हलवताना आणि नव्या ठिकाणी पोचल्यावर बॅग उघडून मोबाइलवर एक फोटो काढा. दहा सेकंदांचं काम आहे. वस्तू गेलीच तर ती कुठून कुठपर्यंत होती, हे त्या फोटोंच्या वेळेवरून सांगता येतं. पोलिसांना तेच हवं असतं, आणि निरपराध माणूसही त्यानेच सुटतो.

आता रेल्वे. कोकण रेल्वेचा बहुतांश मार्ग अजून एकेरी आहे, त्यामुळे क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला, गाड्या रात्री-बेरात्री थांबतात. डब्यात सगळे झोपलेले, दार उघडं, फलाटावर चिटपाखरू नाही. बॅग उचलून उतरायला एवढा वेळ पुष्कळ झाला. खालच्या बर्थच्या खाली सामान साखळीने बांधण्यासाठी कड्या असतात, पण कॅमेऱ्याची बॅग तिथे ठेवूच नका. तिथे कपड्यांची बॅग बांधा. कॅमेरा वरच्या बर्थवर, डोक्याखाली, आणि बॅगेचा एक पट्टा दंडातून घातलेला. साइड लोअर बर्थ टाळा, तो येण्याजाण्याच्या वाटेवरच असतो. रात्री मोबाइल चार्जिंगला लावायला उठाल तेव्हा बॅग बरोबर घ्या. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा : रेल्वे कायद्याच्या कलम १०० नुसार, पावती न घेता आपण स्वतःजवळ बाळगलेलं सामान गेलं तर रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही.

बांधायला काय वापरायचं? दोन मिलिमीटरची नाजूक वायर साध्या पकडीनेही तुटते. चार-पाच मिलिमीटर जाडीची, दोन्ही टोकांना फास असलेली, सव्वा ते दीड मीटर लांबीची स्टीलची केबल घ्या. सायकलच्या दुकानात मिळते. ती नुसत्या खांद्याच्या पट्ट्यातून ओवली तर उपयोग नाही, पट्टा ब्लेडने एका झटक्यात कापला जातो. वरचं हँडल आणि दोन्ही पट्ट्यांची खालची शिवण, अशा तीन ठिकाणांहून ती ओवा. तरीही ठरवून आलेला चोर ती कापेल. केबलने फक्त वेळ मिळतो. गाडी सुटायच्या आत ज्याला उतरायचं आहे, त्याला तोच वेळ नको असतो.

कुलूप पितळेचं घ्या, आणि त्याची कडी स्टेनलेस स्टीलची. साधं लोखंडी कुलूप खाऱ्या हवेत काही दिवसांतच गंजायला लागतं, किल्ली अर्ध्यात अडकते. मग माणूस वैतागून ते लावणंच सोडून देतो. आकड्यांच्या स्वस्त कुलपांत वाळूचे कण गेले की चकत्या फिरत नाहीत. किल्लीवाल्या कुलपात ग्रॅफाइटची पूड घाला. तेल घातलंत तर त्याला वाळू चिकटते.

चेनबद्दल मात्र बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. प्रवासी बॅगांना बहुधा नायलॉनच्या वेटोळ्याची चेन असते. तिचे दोन्ही रनर एकत्र करून कुलूप लावलं की बॅग बंद झाली, असं आपण समजतो. पण बॉलपेनचं टोक चेनच्या मधोमध दाबलं की वेटोळी फाकतात आणि बॅग उघडते. हात घालून हवं ते काढायचं, आणि कुलूप लावलेले तेच रनर जोडीने एकदा पुढे, एकदा मागे सरकवायचे. चेन पुन्हा सांधली जाते. कुलूप जागच्या जागी, बॅगेवर ओरखडा नाही. याला उपाय असा : रनर नुसते एकमेकांना न जोडता बॅगेच्या पक्क्या शिवलेल्या कडीला जोडा, म्हणजे ते सरकणारच नाहीत. चेन फाकवता येईल, पण सांधता येणार नाही, आणि तुम्हाला लगेच कळेल. दातेरी धातूची चेन पेनाने अशी सहज फाकत नाही, पण खाऱ्या हवेत ती अडकते. मी तरी नायलॉन आणि पक्की कडी हीच जोडी सुचवेन.

स्वतःची गाडी असेल तर सगळ्यात मोठी चूक होते ती रत्नागिरीजवळच्या आरे-वारेसारख्या किनाऱ्यांवर. गाडी थांबते, माणूस उतरतो, मागच्या सीटवरची कॅमेऱ्याची बॅग उचलून सगळ्यांच्या देखत डिकीत ठेवतो, आणि खाली किनाऱ्यावर जातो. कोणी पाळत ठेवून असेल तर त्याला आपण स्वतःच दाखवलं, माल कुठे आहे ते. डिकीत जे ठेवायचं ते मुक्कामावरून निघतानाच ठेवा. मागच्या काचेआडची फळी काढून टाकू नका, तिच्यामुळेच आतलं दिसत नाही. लहान मुलांच्या सीटसाठी गाडीत लोखंडी हूक असतात, केबल त्यात अडकवा. भर उन्हात बंद गाडीत लिथियमच्या बॅटऱ्या आणि लेन्स तासन् तास ठेवणं मात्र चोरीशिवायही नुकसानीचंच.

फेरीबोटीवर, म्हणजे दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा अशा ठिकाणी, उकाड्यामुळे काचा खाली असतात आणि सगळे कठड्याशी जाऊन उभे राहतात. बोट लागली की पुढच्या गाड्या निघतात, मागचे हॉर्न वाजवायला लागतात, आणि त्या घाईत तपासायला कोणाला सुचत नाही. बोटीवर चढायच्या आधी काचा वर करा. कॅमेरा गळ्यात असेलच, बॅगही बरोबर घ्या.

घरगुती मुक्कामात धोका दारापेक्षा खिडकीचा जास्त. जुन्या चिऱ्यांच्या घरांत खिडक्या जमिनीपासून फार उंच नसतात, गजांमधून हात सहज आत जातो, आणि चार्जिंगचं बटण नेमकं खिडकीखाली असतं. रात्री चार्जरवर ठेवलेली बॅटरी आणि शेजारी टेकवलेला कॅमेरा बाहेरून काठीला आकडा बांधूनही ओढता येतो. दोन-तीन मीटरची एक्स्टेंशन वायर बरोबर ठेवा आणि चार्जिंग खोलीच्या आतल्या बाजूला करा. दाराला कडी-कोयंडा असेल तर स्वतःचं कुलूप लावा, पण यजमानांना आधी सांगून : "काकू, खोलीत महागाचं सामान आहे, कुलूप लावून जातो, झाडायचं असेल तेव्हा सांगा." यात कोणाला वाईट वाटत नाही. उलट त्यांच्याच डोक्यावरचा भार उतरतो.

प्रत्यक्ष फोटो काढताना परिस्थिती बघून ठरवावं लागतं. हर्णैच्या लिलावात पाय ओल्या वाळूत, समोर मासळीचे ढीग, मागून पाट्या घेऊन माणसं ढकलत असतात. बॅग खाली ठेवायला जागाच नाही, म्हणून ती पाठीवर, आणि लेन्स बदलून झाल्यावर चेन अर्धी उघडीच. तिथे पाठीवरची बॅग नकोच. छोटी स्लिंग बॅग पोटाशी, एक बॉडी, एक झूम, लेन्स बदलणं नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे प्रेमाने दोरीला हात लावायला बोलावतात, तेव्हा कॅमेरा पलीकडच्या होडीवर ठेवला जातो. जरूर ओढा रापण, पण कॅमेरा सोबत्याच्या गळ्यात देऊन. वेळासला कासवाची पिल्लं सोडताना सगळे दोरीला चिकटून समोर बघत असतात आणि बॅगा मागे वाळूत. तिथे बॅग दोन पायांच्या मध्ये, पट्टा पोटरीला गुंडाळलेला. तारकर्लीला पाण्यात उतरायचं असेल तर सोपं आहे : एकाने किनाऱ्यावर थांबायचं. एकट्याने गेला असाल तर त्या दिवशी कॅमेरा खोलीवर.

पट्ट्यावरच्या कंपनीच्या नावावर काळी चिकटपट्टी लावा. भरलेली मेमरी कार्डं बॅगेत ठेवू नका, खिशात ठेवा, आणि रोज रात्री दुसरी प्रत करून ती वेगळ्या सामानात ठेवा. कॅमेरा पुन्हा घेता येतो, शिमग्याची पालखी नाचतानाचा तो क्षण नाही.

एअरटॅगसारख्या टॅगवर लोक फार विसंबतात. त्यात जीपीएस नसतं. तो ब्लूटूथवर आसपासच्या आयफोनना खूण देतो आणि ते फोन इंटरनेटवरून जागा कळवतात. पुण्या-मुंबईत हे छान चालतं. कोकणातल्या लहान गावात आयफोन कमी, रेंज त्याहून कमी, आणि कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात तर काहीच नाही. शिवाय अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरतोय, अशी सूचना काही वेळाने चोराच्या फोनवरही जाते. तरी टॅग ठेवाच. फक्त बाहेरच्या कप्प्यात नको, अस्तराच्या आत शिवून टाका. वर्षातून एकदा त्याचा सीआर२०३२ सेल बदला.

कागदपत्रांचं काम घरीच उरकून निघा. बॉडीच्या तळाचा आणि प्रत्येक लेन्सच्या माउंटजवळचा (जिथे ती बॉडीला जोडते तिथला) सिरियल नंबर, बिलं, सगळ्याचे फोटो मोबाइलबाहेर, ईमेलवर ठेवा. नंबर लिहिलेला नसेल तर जुन्या मूळ फाइलच्या एक्झिफ माहितीत, म्हणजे कॅमेरा फोटोबरोबर आपोआप नोंदवतो त्या तपशिलात, बॉडीचा नंबर बहुतेक वेळा सापडतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत ती माहिती उरत नाही.

चोरी झालीच तर धावत्या गाडीत १३९ वर कळवा, टीसी किंवा सुरक्षा दलाच्या जवानाकडे तक्रारीचा अर्ज मागा. गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणाचीही असो, कोणत्याही ठाण्यात एफआयआर देता येतो, आणि त्याची प्रत मोफत मिळते. ऑनलाइन माहिती दिलीत तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. "गहाळ" अशी नोंद करून समाधान मानू नका. गहाळ दाखला म्हणजे एफआयआर नव्हे, आणि विमा कंपनी चोरीच्या दाव्याला एफआयआरच मागते. तक्रारीत "कॅमेऱ्याची बॅग, नग १" असं न लिहिता प्रत्येक वस्तू नंबरासह लिहा. पॉलिसीही आधीच वाचून ठेवा. बऱ्याच पॉलिसींत जवळ कोणी नसताना गाडीतून गेलेल्या मालाला गाडी जबरदस्तीने उघडल्याच्या खुणा लागतात. व्यवसायासाठी कॅमेरा वापरत असाल तर ते कंपनीला विमा घेतानाच सांगितलेलं असलं पाहिजे.

आणि माल सापडला, की लगेच हातात येईल असं समजू नका. तो मुद्देमाल म्हणून जमा होतो, न्यायालयाच्या आदेशानंतरच परत मिळतो. पावसाळ्यात बंद खोलीत दोन-तीन महिने पडलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशीची जाळी धरते, आणि ती कोटिंग खाते. म्हणून सापडल्याचं कळताच बिल आणि सिरियल नंबर जोडून मुद्देमाल ताब्यात मिळण्याचा अर्ज न्यायालयात द्या, खटला संपायची वाट बघत बसू नका.