पृष्ठे २१२ ते २३०

लघुशोधप्रबंध द्यायला चार दिवस उरलेत आणि संदर्भसूचीचं पान अजून कोरं आहे? घाबरू नका, चार दिवस फार झाले. गेल्या आठवड्यात असे नऊ प्रबंध वाचून मी इतका तयार झालोय की तुम्हाला चार युक्त्या सांगणं आता माझं कर्तव्यच आहे.

सुरुवात 'गूगल' या शब्दाने करा. लेखक: गूगल. पुढे तारीख टाकली तर आणखीच शास्त्रीय दिसतं. कुणी हटकलंच तर 'सर, तिथूनच मिळालं' म्हणायचं. भाजी कुठून आणली असं आईने विचारलं तर आपण 'रस्त्यावरून' असंच सांगतो ना?

विकिपीडियाचं नाव मात्र घेऊ नका, सर चिडतात. मजकूर तिथलाच घ्या आणि पानाच्या तळाशी दिलेले संदर्भ स्वतः वाचल्यासारखे उचला. तळापर्यंत पोचल्यावर त्यातला एखादा उघडून बघावा असं मनात येईल. येऊ देऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं असेल तर 'एका ज्येष्ठ इतिहासकाराच्या मते' असं लिहावं.

ग्रंथालयात पाऊलही टाकू नका. तिथे माणसं बसलेली असतात आणि ती 'नेमकं काय हवंय?' असं विचारतात.

पेपर छापायचा असेल तर नावात 'इंटरनॅशनल' असलेलं आणि आयुर्वेदापासून यंत्र अभियांत्रिकीपर्यंत सगळं एकाच अंकात घेणारं मासिक धरा. पैसे पोचल्याचा मेसेज आला की समीक्षा झाली. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, होती तोवर निदान तिच्यात असल्याची थाप तरी मारावी लागायची; २०२५ मध्ये यादीच बंद झाली, तेही कष्ट वाचले.

आणि हे सगळं जड वाटत असेल तर चॅटबॉटला सांगा, 'दहा संदर्भ दे.' तो अकरा देतो. लेखक, नियतकालिक, खंड, अंक, पृष्ठं, सगळं नीट इस्त्री केलेलं. माझ्याकडच्या एका प्रबंधात १८७६-७८ च्या दुष्काळातल्या सोलापूर जिल्ह्यावरचा असाच एक लेख होता. शीर्षक वाचून मीच हरखलो. वीस वर्षं हा विषय शिकवतोय, मग हा लेख नजरेतून सुटला कसा? शनिवारी दुपारी ग्रंथालय गाठलं. तिथल्या काकांनी शिडी लावली, वरच्या फळीवरचा बांधीव खंड उतरवला, फडक्याने धूळ पुसली. खंड पान १८४ वर संपत होता. प्रबंधात लिहिलेलं: पृष्ठे २१२ ते २३०. काकांना वाटलं, पानं कुणीतरी फाडली. ते बिचारे शिवण चाचपत बसले. मग म्हणाले, 'दुसरी प्रत असेल वर,' आणि मी नको नको म्हणत असताना पुन्हा शिडी चढले. साठी जवळ आलीये त्यांची, गुडघे दुखतात. लेख नाहीच. तो कुणी लिहिलाच नव्हता! जेस्टोर या शोधलेखांच्या ऑनलाइन संग्रहात नाही, गूगल स्कॉलरवर नाही, कुठेच नाही. शीर्षक अवतरणात टाकून शोधलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. मुलाला विचारलं तर म्हणतो, 'सर, एआयने दिलंय.' चुकीचा चहा आणून दिला म्हणून हॉटेलवाल्याकडे बोट दाखवावं तसा चेहरा.

अरे, खोटं कशाला लागतं? १८८४ चं सोलापूरचं गॅझेटियर इंटरनेट आर्काइव्हवर फुकट पडलंय. दुष्काळ आयोगाचा १८८० चा अहवाल आहे. दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर चिल्लर पुरे, असा सरकारने दुष्काळाच्या पाहणीला धाडलेल्या रिचर्ड टेंपलसाहेबाने हिशेब घातला. मजुरांनी त्याविरुद्ध कामं सोडली, पुण्याची 'सार्वजनिक सभा' ही संस्था सरकारला पत्रांवर पत्रं धाडत राहिली. उपाशी माणसांचा संप! याहून मोठा विषय हवाय तुम्हाला? आणि तुम्ही त्यांच्या नावावर यंत्राने रचलेली पानं खपवता?

शोधगंगेवर देशभरातले प्रबंध मोफत आहेत. जेस्टोरवर नुसतं खातं काढलं तरी महिन्याला शंभर लेख वाचता येतात. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्राच्या योजनेत तेरा हजारांवर नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झालीत. आपल्या कॉलेजला लागू आहे का, एवढं ग्रंथपालांना विचारायला तोंड दुखतं का? लाज वाटली पाहिजे. मलाही, कारण मागच्या वर्षी अशाच सूच्यांखाली मी न बघता सह्या ठोकल्यात.

तर, पृष्ठे २१२ ते २३० वाल्या महाशयांनी सोमवारी दहाला ग्रंथालयात हजर व्हावं. काकांना ते खंड परत वर ठेवायचेत, शिडी धरायला माणूस हवाय. माझी सही त्यानंतर.